शेवंती आणि बरणीतला समुद्र

आमच्या कॉलेजात कुठलाही समारंभ असो, वनस्पतीशास्त्राच्या सरांना हार घालायचा नाही, असा एक अलिखित नियम होता. हार गळ्यात पडला की पाच मिनिटांच्या आत सर तो काढत, त्यातलं शेवंतीचं एक फूल तोडत, अंगठ्याच्या नखाने उभं चिरत आणि शेजारी बसलेल्याच्या तळहातावर ठेवत. शेजारी कोण बसलंय हे त्यांच्या गावीही नसे. एकदा तिथे साखर कारखान्याचे एक संचालक बसले होते, प्रमुख पाहुणे म्हणून आलेले. प्राचार्यांचं भाषण चालू होतं आणि सर पाहुण्यांच्या कानाशी लागले होते. पाहुणे आधी अवघडले, मग त्यांनी चष्मा काढला, मग परत लावला. त्यांची बोलायची पाळी आली तेव्हा ते सहकार बाजूला ठेवून म्हणाले, "मला आत्ताच कळलं की शेवंतीचं फूल हे एक फूल नसतंच." सभागृह हसलं. सरांनी मात्र वर्गातल्या मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर हलवतात तशी गंभीरपणे मान हलवली.

मी तेव्हा शिरूरला मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. गाव माझं राहू, दौंड तालुक्यातलं. घरी आबांची दोन एकर शेवंती. पिवळ्या-पांढऱ्या फुलांत आमचं लहानपण गेलं, त्यामुळे शेवंतीबद्दल मला कुणी काही शिकवावं हे मला मुळीच मंजूर नव्हतं. पहिल्याच महिन्यात मी स्टाफरूमसाठी पिशवीभर फुलं घेऊन गेले. सरांनी विचारलं, किती आणलीत? म्हटलं, असतील शंभरेक. ते म्हणाले, "म्हणजे वीस-पंचवीस हजार." मला वाटलं, नोकरी मिळाली खरी, पण माणसं बघून घ्यायला हवीत.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं ब्लेड काढलं. त्यांच्या गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं एक भिंग कायम लोंबत असे. पोरं त्यांना मागे 'भिंगवाले' म्हणत. त्या भिंगातून त्यांनी मला दाखवलं की मी जिला जन्मभर पाकळी म्हणत आले, ती पाकळी नाही, ते एक आख्खं फूल आहे. तळाशी त्याचा स्वतःचा इवलासा स्त्रीकेसर आहे. मधल्या पिवळ्या गोंड्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे आणखी एक फूल, पाच टोकांचं, आत पराग असलेलं. एका देठावर शेकडो फुलं दाटीने बसलेली. मी कितीदा तरी भिंगावरून डोळा काढला आणि परत लावला. त्या दिवशी मी घरी जाऊन आबांना हे सांगितलं नाही. का सांगितलं नाही, कोण जाणे. बहुतेक त्यांना वाईट वाटेल असं वाटलं.

सर मूळचे वरवंडचे, तिथल्या बौद्धवस्तीतले. आई दुसऱ्यांच्या मळ्यात फुलं तोडायला जायची. लहानपणी तिच्याबरोबर जाऊन सर बांधावर बसत आणि एकेक फूल सोलून पाकळ्या मोजत. त्यापायी मळेवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि आईच्या हातचा मारही. हे सगळं ते स्वतःच्या हुशारीची गोष्ट म्हणून कधी सांगत नसत. त्यांचं म्हणणं एवढंच, की मोजणी तेव्हा चुकली होती, मधली फुलं धरली नव्हती.

त्यांच्या बोलण्यात एक वाक्य वरचेवर यायचं, "नाव नंतर, आधी बघा." एखाद्या मुलाने झाड दिसताक्षणी त्याचं लॅटिन नाव ठोकून दिलं की सरांचा चेहरा पडायचा. सहलीला जाताना एस.टी.त बसलेलं पोरगं खिडकीतून बोट दाखवून नावं घ्यायला लागलं तर ते म्हणत, बाळा, तू त्याला बघितलंस कधी, तू तर फक्त हाक मारलीस.

प्रयोगशाळेच्या फळ्यावर, वरच्या कोपऱ्यात, ऑइलपेंटने दोन ओळी कायमच्या लिहिलेल्या होत्या: 'शेवंती आणि कॉलर्पा. साम्य सांगा. फरक सांगा.' हा प्रश्न कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हता. एका प्राचार्यांनी तो पुसायला शिपाई पाठवला होता, तो रॉकेल आणि चिंधी घेऊन गेला आणि सरांकडून अर्धा तास भिंगातून फूल बघून परत आला.

कॉलर्पा म्हणजे समुद्रातलं हिरवं शैवाल. खडकावर वेलीसारखं रांगणारं खोड, त्यातून वर उठलेली पिसासारखी पानं, खाली वाळू धरून ठेवणारी मुळं. पण सर हे तिन्ही शब्द उच्चारू देत नसत. 'खोडासारखं, पानासारखं, मुळासारखं' म्हणायचं, कारण तो सगळा जीव, हातभर लांब वाढला तरी, एकच पेशी असतो. शेवंतीच्या एका पानात लाखो पेशी, प्रत्येकीला आपली भिंत, आपलं केंद्रक. कॉलर्पाच्या आत आडवी भिंतच नाही. हजारो केंद्रकं एकाच मोकळ्या घरात फिरत असतात आणि तरी त्या घराला बाहेरून पानाचा आकार येतो, मुळाचा आकार येतो. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं, मग कुठल्या भागाने काय व्हायचं ते ठरवतं कोण? सर खूश झाले. म्हणाले, एक दिसतं ते शेकडो निघतं, आणि अनेक दिसतात ते एकच निघतं, यापुढे मला काही येत नाही.

पण हे सगळं ते कशावर शिकवत होते? तर फॉर्मलिनच्या बाटलीतल्या एका तपकिरी चोथ्यावर. भिजलेल्या तंबाखूसारखा तो गोळा वीस वर्षं बाटलीत पडून होता. हिरवा रंग केव्हाच गेला होता. एका वर्षी एका मुलाने सरळ विचारलं, "सर, तुम्ही हे जिवंत बघितलंय का?" सर म्हणाले, नाही. पुढचा तास त्यांनी घेतला नाही. स्टाफरूममध्ये येऊन खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "वीस वर्षं मी पोरांना आधी बघा, आधी बघा म्हणतोय आणि प्रेत दाखवतोय." त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मी चहाचा कप तसाच ठेवला.

त्या दिवाळीच्या सुट्टीत ते एकटेच मालवणला गेले. पंचांगात अमावास्या बघून गेले, कारण त्या सुमाराला ओहोटी खूप आत जाते आणि खडक उघडे पडतात. घरच्यांनी अमावास्येला निघू नका म्हणून सांगितलं, तर म्हणाले, समुद्र अमावास्येलाच दार उघडतो, त्याला मी काय करू. परत आले ते दुधाच्या दोन किटल्या आणि एक मोठा कॅन घेऊन. एस.टी.च्या कंडक्टरने विचारलं, यात काय हाय? सर म्हणाले, समुद्र हाय. कंडक्टरने झाकण उघडून बघितलं, वास घेतला आणि म्हणे पुढच्या सीटवर जागा करून दिली.

प्रयोगशाळेच्या उत्तरेकडच्या खिडकीत एका मोठ्या काचेच्या बरणीत ते शैवाल उघडलं तेव्हा मी तिथे होते. तसं हिरवं मी कुठल्याच शेतात बघितलं नव्हतं. पावसाळ्यातल्या भाताचं नाही, कोवळ्या ज्वारीचं नाही. बरणीत हवेचा छोटा पंप बुडबुडे सोडत होता आणि ती पिसं पाण्यात सावकाश हलत होती. आणि हे सगळं एकच, एकच. माझ्या अंगावर काटा आला. सर बरणीपुढे उकिडवे बसले होते. फेब्रुवारीत मुलांची जर्नलं पुरी व्हायची होती. तोपर्यंत हे जगवायचं आणि प्रत्येक पोराला जिवंत दाखवायचं, एवढंच त्यांना आता हवं होतं.

आणि डिसेंबरात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. पुण्याला बायपास ठरली. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी बरणी माझ्या ताब्यात दिली, कारण विज्ञानाची माणसं म्हणे फार हात लावतात. बरणीवर त्यांनी रेघ मारली होती. पाणी त्या रेघेच्या खाली गेलं की भर घालायची. टेबलाखाली दोन कॅन होते, एक साध्या शुद्ध पाण्याचा, एक समुद्राच्या पाण्याचा. "साधं पाणी घाला," ते म्हणाले. स्टाफरूममध्ये आम्ही थट्टा करत होतो, की गोष्टीतल्या राक्षसाचा प्राण पोपटात तसा सरांचा या बरणीत. त्यांना ऑपरेशनच्या टेबलावर घेतील तेव्हा मॅडमनी बरणी हलवू नये, वगैरे.

आता माझी अक्कल ऐका. पाणी कमी झाल्यावर मी विचार केला, माणसाचं चित्त ठिकाणावर नाही, काही दिवसांत छाती उघडणार आहेत, ते साधं पाणी म्हणून गेले असतील. समुद्राच्या जिवाला साधं पाणी कसं चालेल? पाणी घटलं म्हणजे समुद्र घटला, त्यात समुद्रच भरायला हवा. मी दुसऱ्या कॅनमधलं पाणी घातलं. दर दोन दिवसांनी घातलं. तो कॅन संपला तेव्हा मी किराणा दुकानातून खडे मीठ आणलं आणि तीन मुठी साध्या पाण्यात विरघळवून तेही घातलं. चव घेऊन बघितली, खारट होती, समाधान वाटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात त्यांचा फोन आला. त्यांनी स्वतःबद्दल काहीच सांगितलं नाही, कॉलर्पा कशी आहे एवढंच विचारलं. टोकं त्या सकाळीच पिवळट वाटत होती. मी म्हटलं, "हिरवीगार आहे, सर." ते बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी निम्मं शैवाल पांढरं पडलं होतं. तिकडे पुण्याला ते टेबलावर होते. मी शिकलेली बाई, मुलांना अंधश्रद्धेवर निबंध घालणारी, आणि मी त्या बरणीला हात लावायला धजत नव्हते. संध्याकाळी ऑपरेशन नीट झाल्याचा निरोप आला तेव्हाही सुटल्यासारखं वाटलं नाही. ज्यासाठी त्या माणसाने परत यायचं, ते माझ्या हातून मरत होतं. विज्ञानाच्या कुणालाच विचारायची हिंमत नव्हती. शेवटी दोन गाड्या बदलून राहूला गेले आणि आबांना सगळं सांगितलं.

आबांनी समुद्र कधी बघितला नव्हता. ते काश्या लावायच्या वाफ्यावर बसले होते. शेवंतीच्या बुडाशी फुटणाऱ्या कोंबांना आमच्याकडे काश्या म्हणतात, त्यांवरच पुढची लागण होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरणीतलं पानी कमी झालं म्हंजी मीठ कमी झालं का?"

मी त्यांच्या शेजारी बांधावर टेकले.

"ऊन पानी नेतं. मीठ न्हाई नेत, ते हितंच ठिवून जातं," आबा म्हणाले. "आपल्या खालच्या तुकड्यात पांढरं फुटलंय ते कशानं? पानी दिऊन दिऊन. तू मिठाव मीठ घातलंस, पोरी."

आमच्या खालच्या तुकड्यात कितीतरी वर्षं शेवंती येत नव्हती. पाटाच्या पाण्याने जमीन वरून पांढरी झाली होती. आबांनी चर काढून, पाणी सोडून ती हळूहळू धुतली होती, अजून धूत होते. मी त्याच जमिनीवरून चालत शाळेत गेलेली, आणि मला हे कळलं नव्हतं. मी तशीच परत निघाले. फाटकापर्यंत सोडायला आलेले आबा म्हणाले, "एकदम गोडं पानी लोटू नको. वाटी वाटी घाल. आन् जेवढं हिरवं हाय तेवढ्याकडंच बघ."

मी दिवसाला वाटीभर खारं पाणी काढत होते आणि वाटीभर साधं घालत होते. शैवाल आणखी पांढरं झालं, गळालं, कुजलेलं मी चमच्याने काढलं. शेवटी बोटाएवढा एक तुकडा उरला, एका टोकाला पांढरा, दुसऱ्या टोकाला हिरवा. तो तेवढाच राहिला. मग एके दिवशी हिरव्या टोकाला तांदळाएवढा कोंब दिसला. त्या दिवशी मी तास संपायच्या आधीच मुलांना सोडून दिलं.

जानेवारीच्या अखेरीस सर आले. डॉक्टरांनी घरी झोपायला सांगितलं होतं, ते गाडीतून थेट प्रयोगशाळेत आले, मागे त्यांच्या पत्नी बसायची उशी घेऊन. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, फोनवरचं खोटंसुद्धा. त्यांनी आधी बरणी बघितली. मग विचारलं, मीठ कुठलं, किती मुठी, किती पाण्यात. आणि ते वहीत लिहून घेतलं. वाचवलं कुणी, असं विचारल्यावर मी आबांचं सांगितलं. ते समुद्रावर गेलेत का कधी? नाही म्हटल्यावर सरांनी तेही वहीत लिहिलं.

मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. पांढरं आणि हिरवं जिथे भेटतं तिथे पिवळसर, चिकट असं काहीतरी साचलं होतं.

"आत भिंत नाही," सर म्हणाले. "एका जागी फुटलं तर सगळं वाहून जायला हवं. पण जे जिवंत असतं ते मागं सरतं आणि आतून बूच मारतं. हे त्याने तुमच्या देखत केलंय, मॅडम. मी पुस्तकात वाचलं होतं फक्त." बोलताना त्यांचा हात सदऱ्यावरून, टाके घातले होते तिथे गेला होता. मला रडू आलं. पांढरं टोक कापून टाकू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, मुळीच नाही.

फेब्रुवारीत सरांनी आबांना बोलावणं पाठवलं. आबा उशिराच्या शेवंतीची पाटी घेऊन आले. सरांनी त्यांना सगळ्यांच्या आधी स्टुलावर बसवलं आणि फूल चिरून भिंगाखाली धरलं. आबा खूप वेळ वाकून राहिले.

सर म्हणाले, "माझी आई तुमच्यासारख्यांच्याच मळ्यात फुलं तोडायची, आबा. तिलाबी हे म्हाईत नव्हतं."

आबा वर बघेनात. "चाळीस वर्सं तोडतुया," ते म्हणाले, "आन् एकदा इचारलं न्हाई त्याला."

मग त्यांना बरणी दाखवली. हे सगळं एकच हाय म्हटल्यावर त्यांनी त्यात बोट घालायला हात पुढे केला आणि परत घेतला. कोंब आता करंगळीएवढा झाला होता, त्याला चार पिसं फुटली होती. आबांनी विचारलं, "एकच हाय, आन् तुटलं तरी तोंड मिटून घेतं. मंग ह्याला मरान येतं कुठून?"

वर्गात तेवीस मुलं होती. सगळी सरांकडे बघायला लागली. सरांनी सांगितलं, की कधीतरी एका पहाटे हा जीव आतलं सगळं बीज म्हणून पाण्यात सोडून देतो, सगळं, स्वतःसाठी काही ठेवत नाही, आणि मागे पांढरी रिकामी काया उरते. शेवंती बी धरते आणि काश्याही ठेवते. असं का, ते त्यांना माहीत नव्हतं. आबा पाटीतल्या फुलांकडे बघत म्हणाले, "आमची हिशोबानं जगती." आणि पहिल्यांदा हसले.

नंतर तेवीसही मुलांनी एकेक करून बघितलं. त्यांतल्या एकाने, फार तर दोघांनी समुद्र बघितला असेल. कारेगावहून येणारी एक मुलगी बरणीपुढून उठेचना, मागच्याने तिला दोनदा हाक मारली.

आठवड्याने सरांनी मला जर्नलांचा गठ्ठा कपाटात ठेवायला बोलावलं, त्यांना वजन उचलायची बंदी होती. आमच्याकडे जर्नल म्हणजे आदल्या वर्षीच्या मुलाचं जर्नल. काचेखाली बल्ब लावायचा आणि त्याची चित्रं आपल्या वहीत उमटवायची, त्यानेही तशीच उमटवलेली असायची. मी सहज वरची वही उघडली. कॉलर्पाचं चित्र होतं, चार पिसांचं, हिरव्या पेन्सिलने रंगवलेलं, आणि एक टोक रंग न देता सोडलेलं. पट्टीने रेघ ओढून तिथे लिहिलं होतं, 'मेलेला भाग'. दुसरी उघडली, त्यातही. तिसरीत पिसं वाकडी होती, बुडबुडेसुद्धा काढले होते, आणि ते टोक कोरं होतं. कारेगावच्या मुलीने कंसात कारणही दिलं होतं: मॅडमनी मीठ जास्त घातल्यामुळे. मी तिथेच टेबलाला टेकून सगळ्या वह्या उघडल्या. प्रत्येक पानाखाली सरांनी लाल शाईने एकच शेरा दिला होता: 'बघून काढले आहे.'

"एक चित्र दुसऱ्यासारखं नाही," मागून सर म्हणाले. "वीस वर्षांत पहिल्यांदा."

मला लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही. पण तेवीस वह्यांत तेवीस वेळा माझी चूक जिथल्या तिथे कोरी ठेवलेली होती, आणि तिला लागूनच प्रत्येक पोराने आपापल्या हाताने हिरवं भरलं होतं.